मुलांच्या शस्त्रक्रियेत रोबोटची जागा

पुण्या-मुंबईत मुलांची ऑपरेशनं रोबोटच्या साहाय्याने होऊ लागली, तसं आपल्या नगर जिल्ह्यातही एक मत मूळ धरू लागलं आहे. रोबोटने केलेली शस्त्रक्रिया तेवढी उत्तम, बाकीची दुय्यम. ते यंत्र जिल्ह्यात आलं की आपल्या मुलांची उणीव भरून निघेल. हे मत मला चुकीचं वाटतं, आणि मुलांच्या दृष्टीने नुकसानीचंही.

आधी त्या मताचं बळ मान्य करू. रोबोट स्वतः काही कापत नाही. शल्यचिकित्सक बाजूला बसून त्याची हत्यारं चालवतो. त्याला आतलं दृश्य त्रिमितीत दिसतं, हाताचा कंप गाळला जातो आणि हत्याराचं टोक मनगटासारखं वळतं. मूत्रपिंडातून मूत्रवाहिनी निघते त्या जागी काही मुलांना जन्मतः अडथळा असतो. तो भाग काढून पुन्हा जोडण्याची अँडरसन-हाइन्स पद्धत १९४९ पासूनची. तिथले बारीक टाके साध्या दुर्बिणीतून घालायला शिकण्यात वर्षं जातात, रोबोटवर ते लवकर साधतं. मूल आठ-दहा वर्षांचं असेल आणि अनुभवी डॉक्टर मिळत असेल तर तिथे रोबोट जरूर वापरावा.

पण ही यंत्रं मोठ्या माणसांच्या शरीराचं माप धरून घडली आहेत. व्हर्सियस या ब्रिटिश रोबोटची माणसांवरची पहिली चाचणी २०१९ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात झाली, तीही प्रौढांवर. सर्वाधिक वापरात असलेल्या दा विंचीची नेहमीची हत्यारं आठ मिलिमीटर जाडीची. साध्या दुर्बिणीने नवजात बाळावर काम करणारे तीन मिलिमीटरची वापरतात. रोबोटचे हात एकमेकांना अडू नयेत म्हणून दोन छिद्रांमध्ये सहा-आठ सेंटिमीटर अंतर ठेवावं लागतं. तीन किलोच्या बाळाच्या पोटावर एवढी जागा कुठून आणायची? म्हणजे सर्वात लहान रुग्णाला रोबोटमुळे जखम लहान होण्याऐवजी मोठीच होण्याचा संभव.

जखम लहान करण्याचा मुलांच्या शल्यशास्त्राचा इतिहासही यंत्रांच्या बाहेर बराच घडला. जठराचं तोंड आवळून बाळ सारखं उलट्या करतं, त्या आजारात टॅन आणि बियांकी यांनी १९८६ मध्ये बेंबीच्या कडेनेच छेद घेतला आणि व्रण बेंबीत लपवला. हर्शस्प्रुंग आजारात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसतात, त्यामुळे शी पुढे सरकत नाही. १९९८ मध्ये मेक्सिकोच्या दे ला तोरे यांनी तो भाग गुदद्वारातूनच काढण्याची पद्धत मांडली. ज्या मुलांना ती लागू पडते त्यांच्या पोटावर एकही छेद येत नाही. हर्निया, खाली न उतरलेलं वृषण, लघवीचं छिद्र भलत्या जागी असणं ही तर बालशल्यचिकित्सेतली रोजची कामं. त्यांपैकी बहुतेकांत रोबोटला काही कामच नाही.

छेद लहान म्हणजे निकाल चांगला, हेही सरसकट खरं नाही. जन्मतः पित्तनलिका बंद असलेल्या बाळांवर कासाई या जपानी शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया करतात. जर्मनीत हानोवरच्या डॉक्टरांनी ती दुर्बिणीने करून पाहिली, तेव्हा बाळांचं स्वतःचं यकृत टिकण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी निघालं आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. पुढे काही केंद्रांनी दुर्बिणीनेही चांगले निकाल दाखवले, हे सांगायला हवं. पण या आजारात छेदाच्या लांबीपेक्षा बाळाचं वय फार महत्त्वाचं ठरतं. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर यश मिळण्याची शक्यता जास्त. पुढे दर आठवड्याला ती घटत जाते.

माझा खरा आक्षेप इथेच आहे. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठा. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्याला नगरपेक्षा नाशिक जवळ. तिथल्या पित्तनलिका बंद असलेल्या बाळाची कावीळ ‘उन्हात धरा, उतरेल’ म्हणून दीड-दोन महिने अंगावर काढली गेली, तर पुढे जगातलं कुठलंही यंत्र ते दिवस परत देत नाही. २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये ७४ देशांतल्या २६४ रुग्णालयांचा अभ्यास आला. पचनसंस्थेच्या जन्मजात दोषांनी दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण श्रीमंत देशांत ५.६ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ आणि गरीब देशांत ३९.८ टक्के. ही दरी रोबोटच्या अभावाने पडलेली नाही. बाळ पोहोचेपर्यंत रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, व्हेंटिलेटर नसणं, शिरेतून पोषण देण्याची सोय नसणं, अशी कारणं त्यात पुढे येतात.

आणि उपाय आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालेला आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. बाळ कधी धोक्यात आहे हे त्या ओळखू लागल्या. आज आशाताई जन्मानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. दीड महिन्याची लस त्याच सुमाराला. म्हणजे साठाव्या दिवसाच्या आत बाळ दोनदा तरी नजरेखालून जातं. तैवानने २००४ पासून शीच्या रंगांचं कार्ड देशभर आयांच्या हाती दिलं आणि पित्तनलिकेच्या या आजारामुळे पांढुरकी शी होणारी बाळं तिथे लवकर सापडू लागली. तसं छापील कार्ड आपल्या माता-बाल संरक्षण पुस्तिकेत घालायला कोट्यवधी लागत नाहीत.

रोबोटसाठी देणगी उभी करणाऱ्यांचा मला राग नाही. पण जिल्ह्यात आधी हवेत ते बाळांना भूल देण्यात मुरलेले भूलतज्ज्ञ, नवजात बाळाला ऊब आणि प्राणवायू देत नेणारी रुग्णवाहिका, आणि सहा महिन्यांनंतरही वृषण खाली न आलेल्या मुलाचं नाव वहीत लिहून, शस्त्रक्रियेची तारीख मिळून ती पार पडेपर्यंत पाठपुरावा करणारं एक माणूस, प्रत्येक तालुक्यात.