क्यूआर कोड ते बँक: वाटेत माहितीचे रूप कसे बदलते?

इंदापूर तालुक्यातल्या लासुर्णे येथे खताच्या दुकानात तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करता, रक्कम टाकता, पिन देता आणि काही सेकंदांत दुकानदाराचा स्पीकर बोलतो. तेवढ्यात ‘कोणाला, किती रुपये’ ही एवढीशी माहिती निदान तीन वेगवेगळ्या रूपांत लिहून झालेली असते.

पहिले रूप त्या कोडमध्येच दडलेले असते. तो स्कॅन केल्यावर साधारण अशी एक ओळ निघते (प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत असते):

यूपीआय://पे?पीए=…&पीएन=…&सीयू=आयएनआर

पीए म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, पीएन म्हणजे त्याचे नाव, सीयू म्हणजे चलन. जोड्या बरोबरच्या चिन्हाने लिहायच्या आणि ‘&’ने जोडायच्या, एवढाच या रूपाचा नियम. वेबसाइटवर फॉर्म भरून बटण दाबले की माहिती बऱ्याचदा याच पद्धतीने जाते.

ही ओळ वाचून अ‍ॅप आपल्या सर्व्हरशी बोलते. त्यांनी कोणत्या रूपात बोलावे हा त्या कंपनीचा प्रश्न, पण आजकाल ते बहुतेक वेळा जेसन असते. पुढे बँक आणि मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनमधली देवाणघेवाण मात्र एक्सएमएलमध्ये होते. २०१६ साली यूपीआय सुरू झाले तेव्हा संदेशांचा साचा एक्सएमएलमध्येच ठरवला गेला.

जेसन आणि एक्सएमएल दोन्हींत लिहिलेला मजकूर माणसालाही वाचता येतो. सातबाऱ्यातली एक नोंद जेसनमध्ये अशी दिसेल:

{"गाव": "लासुर्णे", "गट": "५/२", "खातेदार": ["थोरला", "धाकटा"]}

आणि एक्सएमएलमध्ये अशी:

<सातबारा>
<गाव>लासुर्णे</गाव>
<गट>५/२</गट>
<खातेदार>थोरला</खातेदार>
<खातेदार>धाकटा</खातेदार>
</सातबारा>

एक्सएमएल १९९८ सालचे. जेसन त्यानंतरचे, जावास्क्रिप्ट भाषेच्या लिहिण्याच्या पद्धतीतून निघालेले आणि आटोपशीर, म्हणून वेबवर ते लवकर रुळले.

कोडमध्ये एका रूपाचे दुसरे रूप थेट होत नाही. मधे एक थांबा असतो. आलेला मजकूर आधी वाचून (याला पार्स करणे म्हणतात) प्रोग्रामच्या स्मृतीत त्याची वस्तू तयार होते. मग ती वस्तू हव्या त्या रूपात पुन्हा लिहिली जाते, त्याला सीरियलाइझ करणे म्हणतात. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट अशा सगळ्या भाषांत यासाठी तयार साधने आहेत आणि जावाच्या स्प्रिंगसारख्या चौकटीत तर हे काम आपोआप होते. पण कोणत्या रूपातून कोणत्या रूपात, हे चौकटीला कसे कळते? विनंतीसोबत जाणाऱ्या दोन छोट्या ओळींमुळे. ‘कन्टेन्ट-टाइप’ सांगते की मी पाठवलेला मजकूर अमुक रूपातला आहे. ‘अ‍ॅक्सेप्ट’ सांगते की उत्तर मला अमुक रूपात हवे आहे. पाठवलेले रूप सर्व्हरला कळत नसेल तर तो ४१५ क्रमांकाची चूक परत करतो, मागितलेले रूप देता येत नसेल तर ४०६. नवशिक्या प्रोग्रामरची ४१५शी गाठ हमखास पडते, कारण जेसन पाठवून वर फॉर्मचे लेबल राहिलेले असते.

या चुका निदान ओरडून सांगतात. खरा त्रास गपचूप होणाऱ्या चुकांचा आहे. यूपीआयमध्ये साचा पक्का ठरलेला असल्याने त्या कमी होतात. पण समजा, गावातल्या विकास सोसायटीने पीककर्जासाठी सभासदांच्या सातबाऱ्याच्या नोंदी आणि बँकेचे खाते क्रमांक आपल्या संगणकात घ्यायचे ठरवले. आता रूपांतराच्या कोडला अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज चुकतो.

गट क्रमांक ५/२ घ्या. यादी स्वल्पविरामाच्या साध्या फाइलमध्ये उतरवून एक्सेलमध्ये उघडली की एक्सेलला ती तारीख वाटते. गट क्रमांकाच्या जागी ५ फेब्रुवारी येते, किंवा संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर २ मे. खुद्द ‘७/१२’ असे टाइप केले तरी सातबाऱ्याची तारीखच होते! क्षेत्राची तीच गत. ०.४०.०० म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, शून्य चौरस मीटर. दोन टिंबांचा हा आकडा कोणत्याच संगणकी भाषेत संख्या नाही, मग कोणी दोन्ही टिंबे काढून टाकतो आणि हिशेब वेगळाच होऊन बसतो.

खाते क्रमांक त्याहून नाजूक. तो संख्या म्हणून लिहिला तर सुरुवातीचे शून्य एक्सेल गुपचूप खाते. जेसनच्या नियमात तर शून्याने सुरू होणारी अशी संख्या बसतच नाही. जावास्क्रिप्टमध्ये आणखी एक खड्डा आहे: ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढच्या पूर्ण संख्या तिथे नेमक्या राहतीलच असे नाही. शेवटी ९९३ असलेला आकडा वाचला की त्याचा ९९२ होतो आणि कुठलीही सूचना येत नाही. सतरा-अठरा अंकी खाते क्रमांक सगळेच या मर्यादेपलीकडचे. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही ती संख्या नव्हेच, असे आमचे मत: खाते, गट, मोबाइल, पिनकोड हे सगळे अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून ठेवावे. (या लेखात अंक देवनागरी आहेत. जेसनमध्ये संख्या इंग्रजी अंकांतच लिहावी लागते. देवनागरी अंक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनच चालतात.)

आता वरच्या एक्सएमएलकडे पुन्हा पाहा. खातेदार दोन आहेत, म्हणून बहुतेक रूपांतरक त्याची जेसनमध्ये यादी करतात. पण खातेदार एकच असेल तर यादी न करता नुसते नाव ठेवतात, कारण एक्सएमएलमध्ये एकाच टॅगकडे पाहून ही यादी आहे की नाही ते कळत नाही. एकट्या मालकाच्या उताऱ्यावर तपासलेला कोड मग भावकीचा उतारा आला की कोसळतो. उपाय सोपा आहे: खातेदार ही नेहमी यादीच, असे रूपांतरकाला आधीच सांगून ठेवायचे.

‘इतर हक्क’चा रकाना तर थेट पैशांशी जोडलेला. तो कोरा असणे म्हणजे बोजा नाही. तो फाइलमध्ये मुळात नसणे म्हणजे माहितीच आलेली नाही. रूपांतरात दोन्हींची रिकामी जागा झाली, तर कर्ज असलेली जमीन पडद्यावर मोकळी दिसते. जेसनमध्ये रिकामा मजकूर आणि ‘नल’ ही दोन वेगळी मूल्ये याचसाठी आहेत, वापरली मात्र पाहिजेत.

मराठी मजकुराचा प्रश्न वेगळा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘लासुर्णे’त काना, उकार, हलन्त, मात्रा धरून आठ चिन्हे आहेत, म्हणजे चोवीस बाइट. हेच नाव यूआरएलमध्ये टाकले की प्रत्येक बाइटचे टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे होतात, एकूण बहात्तर अक्षरे! पायथनमधून जेसन काढले तर ‘ल’च्या जागी उलटी तिरपी रेघ, रोमन यू आणि ०९३२ असे दिसते. ही दोन्ही रूपे बिनचूक आहेत, वाचणारा प्रोग्राम त्यांचे पुन्हा ‘लासुर्णे’ करतो. बिघाड ओळखायचा तो वेगळ्याच खुणेवरून. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हापुन्हा दिसू लागला, तर यूटीएफ-८ मजकूर जुन्या युरोपीय लिपीसंचाने वाचला गेला आहे. मूळ बाइट शाबूत असतील तर तो सुधारता येतो. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे आली असतील तर मजकूर गेलाच, मूळ ठिकाणाहून पुन्हा मागवावा लागतो.

डिजिटल सही असलेल्या कागदाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल एक्सएमएल असते आणि सही त्या एक्सएमएलवर असते. तिचे जेसन करून पुन्हा एक्सएमएल केले तर नाव-पत्ता तोच दिसेल, पण रचनेत बारीक फरक पडून सही जुळेनाशी होऊ शकते. म्हणून आधी सही तपासायची, मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवायची आणि रूपांतर तिच्या प्रतीवर करायचे.