तंजावूरचा तुटलेला दोर आणि पडद्यावरची प्रमाणपट्टी

इ. स. 1808. तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखराकडे सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट दोरांनी वर ओढला जात होता. कावेरीचा त्रिभुज प्रदेश सपाट. ताडामाडांच्या वर डोके काढतात ती केवळ मंदिरे. म्हणून विल्यम लॅम्बटन यांनी दक्षिणेच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात डोंगरांचे काम येथे देवळांकडून करून घेतले. याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांनी 1803 साली आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला होता. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि कोन मोजण्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे खपून, पाचरी, स्क्रू आणि कप्प्यांच्या साहाय्याने ते पुन्हा जवळजवळ मूळ आकारात आणले.

एका वर्तुळासाठी एवढा खटाटोप का? कारण सर्वेक्षणाच्या त्रिकोणजाळ्यात साखळीने प्रत्यक्ष मोजलेली रेषा क्वचितच असते. 1802 साली मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे 12 किलोमीटरची आधाररेषा 100 फुटी पोलादी साखळीने मोजण्यास 57 दिवस लागले. उन्हाने साखळी किती लांबते याचाही हिशेब ठेवावा लागला. पुढची अंतरे कोनांवरून निघत गेली. कोन बिघडला, की अंतर बिघडले, आणि त्याबरोबर नकाशाचे प्रमाणही.

कागदी नकाशाचे प्रमाण समजण्यास सोपे आहे. ‘एक इंचास एक मैल’ हे शब्दप्रमाण, 1 : 63,360 हे त्याचेच अंकप्रमाण. छापलेला इंच इंचच राहतो. पडद्यावर मात्र इंच नसतो, पिक्सेल असतो, आणि अडचण येथून सुरू होते.

बहुतेक संकेतस्थळांवरील नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या एका सुटसुटीत रूपावर चालतात. शून्य पातळीवर सारे जग 256 पिक्सेल रुंदीच्या चौकोनात बसते. विषुववृत्ताचा सुमारे 40,075 किलोमीटरचा परीघ 256 ने भागला, की एका पिक्सेलला 1,56,543 मीटर येतात. पुढच्या प्रत्येक पातळीला हा आकडा निम्मा होतो. परंतु हे प्रक्षेपण ध्रुवांकडे जाताना भूभाग ताणत नेते. म्हणून खरे अंतर काढण्यासाठी अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. कुंभकोणमजवळचे चोळपुरम् साधारण 11 अंश उत्तरेस आहे. तेथे पंधराव्या पातळीवर एक पिक्सेल म्हणजे सुमारे 4.69 मीटर.

आता अंकप्रमाण काढू. त्यासाठी पिक्सेलची रुंदी मिलिमीटरमध्ये हवी, आणि ती आज्ञावलीला सहसा ठाऊक नसते. ती गृहीत धरली जाते. नकाशासेवांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ती 0.28 मिलिमीटर आहे. त्यानुसार चोळपुरम्‌चे प्रमाण सुमारे 1 : 16,750 येते. इंचाला 96 पिक्सेल धरणारी आज्ञावली त्याच चित्राला 1 : 17,720 म्हणेल. तेच चित्र प्रोजेक्टरने वर्गाच्या भिंतीवर टाकले, की दोन्ही आकडे निरर्थक! माझ्या मते पडद्यावर अंकप्रमाण दाखवणे ही कागदाची सवय आहे. कोपऱ्यातील रेषाप्रमाण अधिक प्रामाणिक, कारण चित्र फुगले की पट्टीही फुगते.

अर्थात पट्टीलाही मर्यादा आहेत. ‘लीफलेट’ ही लोकप्रिय आज्ञावली पडद्याच्या मध्य उंचीवरील दोन बिंदूंमधले भूअंतर काढते, ते 1, 2, 3, 5 अशा सोयीच्या आकड्यांवर उतरवते आणि तेवढी पट्टी आखते. गावाच्या नकाशाला हे पुरेसे आहे. संपूर्ण भारत पडद्यावर असेल, तर मात्र कन्याकुमारीपाशी एक सेंटिमीटर जेवढे अंतर व्यापतो, ते लेहपाशीच्या अंतरापेक्षा सुमारे 20 टक्क्यांनी अधिक असते, आणि पट्टी एकच. गंमत अशी, की नकाशा मांडताना पृथ्वीची त्रिज्या 6,378 किलोमीटर आणि पट्टीसाठी अंतर काढताना 6,371 किलोमीटर धरली जाते. लॅम्बटन यांच्या आधाररेषेवर हा फरक सुमारे 13 मीटरांचा झाला असता. ते तर इंचांचा हिशेब ठेवत होते.

लॅम्बटन यांचे निधन 1823 साली, काम उत्तरेकडे नेत असताना, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाले; त्यांची कबरही तेथेच आहे. पंधराव्याच पातळीवर हिंगणघाट उघडून पाहा: चोळपुरम् येथे 100 पिक्सेलमध्ये 469 मीटर मावत होते, येथे 447 मावतात.