लिडिया मरिया चाइल्ड यांची पत्रे

लिडिया मरिया चाइल्ड (१८०२–१८८०) यांचे नाव अमेरिकेत आधी स्वयंपाकघरात पोहोचले आणि मग राजकारणात. मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावच्या एका बेकरीवाल्याची ही मुलगी. काटकसरीने संसार कसा करावा हे सांगणारे त्यांचे १८२९ सालचे पुस्तक हातोहात खपले. १८३३ मध्ये मात्र त्यांनी गुलामांना ताबडतोब मुक्त करा अशी मागणी करणारा ग्रंथ लिहिला आणि बॉस्टनच्या प्रतिष्ठित मंडळींनी पाठ फिरवली. पुस्तकांचा खप घटला, त्या चालवत असलेले मुलांचे मासिक हातचे गेले. पत्रे लिहिणे मात्र आयुष्यभर चालू राहिले.

१८१७ मध्ये पंधरा वर्षांच्या लिडियाने भावाला लिहिलेल्या पत्रात कवी मिल्टन पुरुषांना उगाच वरचढ ठरवतो अशी तक्रार आहे. पुढे नवऱ्याच्या सहीशिवाय बायकोच्या मृत्युपत्राला कायद्यात किंमत नाही हे अनुभवल्यावर त्या स्नेही एलिस लोरिंग यांच्याकडे पत्रातून संतापल्या. नवऱ्यावर राग नव्हता. राग होता तो बाईला मालमत्ता मानणाऱ्या कायद्यावर. लेखनाला वेळ किती मिळत होता, हे १८६४ सालच्या कामांच्या त्यांच्या टिपणातून कळते: ३६० वेळा दुपारचे जेवण रांधले, ३६२ वेळा न्याहारी बनवली, ३६२ वेळा दिव्यांत तेल भरले, आणि २३५ पत्रे लिहिली.

चाइल्ड यांच्या सर्वांत गाजलेल्या पत्रांमागे एक छापा होता. ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउन याने गुलामांचा उठाव घडवण्यासाठी व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला आणि जखमी अवस्थेत तो पकडला गेला. चाइल्ड यांना हिंसेचा मार्ग मान्य नव्हता. तरीही त्यांनी गव्हर्नर वाइज यांना पत्र लिहून तुरुंगात ब्राउनची शुश्रूषा करण्याची परवानगी मागितली. गव्हर्नरांनी येऊ देण्याची तयारी दाखवली, पण हल्ल्याचा दोष चाइल्ड यांच्यासारख्यांच्या शिकवणीवर ठेवला. ब्राउनने नम्र नकार कळवला: माझ्याकडे येण्याऐवजी बायकामुलांसाठी पन्नास सेंट आणि पुढे दरसाल तेवढीच मदत द्यावी.

गव्हर्नरांशी झालेला हा पत्रव्यवहार चाइल्ड यांच्या नकळत न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आला. तो वाचून सिनेटर मेसन यांच्या पत्नीने त्यांना खरमरीत पत्र धाडले: दक्षिणेतल्या बायका गुलाम स्त्रियांच्या बाळंतपणात धावून जातात, तुम्ही काय करता? हे मेसन म्हणजे पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याच्या १८५० च्या कायद्याचे कर्ते. चाइल्ड यांनी १७ डिसेंबरला लांबलचक उत्तर दिले. त्यात बायबलची वचने होती, दक्षिणेतलेच कायदे होते, तिथल्या वर्तमानपत्रांतल्या पळालेल्या गुलामांच्या जाहिरातीही होत्या. बाळंतपणाचे उत्तर एका वाक्यात: आम्हीही बाळंतिणीला मदत करतो, पण नंतर तिचे मूल विकत नाही. ब्राउनला तोवर फाशी झाली होती. १८६० मध्ये ही सारी पत्रे पुस्तिकारूपाने निघाली आणि तिच्या सुमारे तीन लाख प्रती पसरल्या. चाइल्ड यांच्या एकाही जाडजूड ग्रंथाला एवढा वाचक मिळाला नाही.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र मोलाची ठरली ती गाजावाजा न झालेली काही पत्रे. गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट जेकब्स यांचे आत्मचरित्र १८६१ मध्ये ‘लिंडा ब्रेंट’ या टोपणनावाने निघाले; संपादक म्हणून नाव चाइल्ड यांचे. पुढे अनेक अभ्यासक ती चाइल्ड यांनीच रचलेली कादंबरी समजू लागले. १८६० मध्ये जेकब्स यांना लिहिलेल्या पत्रांत चाइल्ड यांनी प्रसंगांचा क्रम बदलल्याचे कळवले होते. आणि १८६१ च्या आरंभी एका मैत्रिणीला लिहिले होते की, साऱ्या पुस्तकात आपण पन्नास शब्दही बदलले नसतील.

निवडक पत्रांचे पुस्तक चाइल्ड यांच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये, कवी व्हिटियर यांच्या प्रस्तावनेसह निघाले. उपलब्ध पत्रव्यवहाराचा संग्रह मात्र १९८० मध्ये, मायक्रोफिशवर. जेकब्स यांची स्वतःची पत्रे आणि चाइल्ड यांची ही पत्रे जुळवून संशोधक जीन फेगन येलिन यांनी लेखिका कोण याचा निकाल लावला. १९८७ च्या आवृत्तीत लेखिका म्हणून हॅरिएट जेकब्स यांचे नाव छापले गेले.