कापलेलं ठेवायचं कुठे?

घरच्या सहलीचं शूटिंग जोडायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हा प्रश्न आमच्या वाघोलीच्या सोसायटीत दर मे महिन्याच्या सुट्टीनंतर निघतोच. कोणी म्हणतं हे फुकट आहे, कोणी म्हणतं ते सोपं आहे. मला वाटतं, उत्तर द्यायच्या आधी जरा मागे बघावं. घरात बसून फिल्म कापण्याचा उद्योग मराठी माणसाला काही नवा नाही.

सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली, तेव्हा फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली होती. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, आणि हे काम दादरच्या त्यांच्या घरात आलं. अंधारात भोकं पाडणं, फिल्म धुणं, तुकडे जोडणं, सगळं सरस्वतीबाई फाळके शिकल्या. वर मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच! 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लागला. चार रिळांचा तो चित्रपट. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात आज आहेत ती दोन रिळं, आणि तीही १९१७ साली फाळक्यांनी तोच चित्रपट पुन्हा काढला त्याची असावीत, असं अभ्यासक म्हणतात.

घरगुती हौशी लोकांसाठी कोडॅकने १९३२ साली ८ एमएम आणि १९६५ साली सुपर एट आणलं. सुपर एटच्या एका डबीत ५० फूट फिल्म, म्हणजे जेमतेम सव्वातीन मिनिटं! आणि कापायचं तर हातातली मूळ फिल्मच कापायची. पुढे व्हीएचएस आलं, कात्री गेली, पण एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर उतरवताना प्रत्येक वेळी चित्र थोडं फिकं व्हायचं.

खरा बदल झाला तो १९९५ नंतर, डीव्ही टेप आणि फायरवायरमुळे. तासाभराचं शूटिंग सुमारे १३ जीबी. मग १९९९ साली अ‍ॅपलचा आयमूव्ही आणि २००० साली विंडोज मी बरोबर मूव्ही मेकर आला. या सॉफ्टवेअरमधली कात्री मूळ चित्राला लागतच नाही. 'या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंत दाखव' एवढीच नोंद प्रोजेक्टच्या फाइलमध्ये राहते. म्हणजे कापलेलंही शाबूत... जोपर्यंत मूळ फाइल शाबूत आहे तोपर्यंत.

आमच्या आत्याकडे २००६ सालच्या अष्टविनायक यात्रेची सीडी आहे. चुलतभावाने छान जोडलीय. प्रत्येक देऊळ, प्रत्येकाचा नमस्कार, मागे आरती. रांजणगावला जाताना गाडी वाघोलीवरून गेली होती. वाटेत वाघेश्वराच्या देवळाशी चहाला थांबलो, आजी खिडकीतून शेतं आणि खडीच्या खाणी बघत काहीबाही बोलत होती. 'कंटाळवाणं' म्हणून ते सगळं गाळलं, आणि जागा हवी म्हणून नंतर मूळ फाइलीही पुसल्या. देवळं आजही तशीच दिसतात हो. पण ती वाघोली आता नाही. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेलं, शेतांच्या जागी आमच्यासारखे टॉवर आले. आजीही नाही. आत्याला आता तेवढंच बघायचं असतं, जे सीडीत नाही.

सुदैवाने मूळ टेपा कपाटात सापडल्या आहेत. आता चालू स्थितीतला कॅमेरा आणि फायरवायरचं पोर्ट असलेला जुना संगणक शोधतोय. नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं, आणि टेप काही अमर नाही.

म्हणून सोसायटीत मी सांगतो ते एवढंच. संगणक दमदार असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घ्या, साधा असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह. घरच्या कामाला कोणतंही पुरेल. मूव्ही मेकर २०१७ साली मायक्रोसॉफ्टने बंद केला, तशी हीही कधीतरी जातील. तेव्हा तयार फिल्म एमपी४ मध्ये काढून ठेवा, आणि मूळ शूटिंग दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर. कंटाळवाणं धरून!

असो. माळ्यावर टेपांचा डबा असेल, तर या रविवारी काढून बघा.