मोटारसायकलीचें पहिलें तेल

ज्या दिवशीं माणसानें आंसावर चाक फिरविलें, त्याच दिवशीं वंगणाचा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहिला असला पाहिजे. आपल्याकडील गाडीवान लांबच्या वाटेला लागतांना वंगणाचें नळकांडें गाडीखालीं टांगून घेई, आणि चाकें कुरकुरूं लागलीं कीं आंसाला एरंडेलांत भिजविलेली चिंधी फिरवी. बैलांना वैरण तसें गाडीला वंगण, हें ज्ञान त्याला पोथीवांचून झालेलें होतें. परंतु ‘गाडीचें तेल बदल’ असें जर त्याला कोणी सांगितलें असतें, तर त्याचा अर्थच त्याला कळला नसता. तेल घालावयाचें असतें. तें बदलावयाचें कसें? यंत्राला तेल घालणें ही क्रिया पुरातन आहे. तेल बदलणें ही मात्र गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांतली. नवी मोटारसायकल साधारणतः ५०० ते १००० किलोमीटर चालली कीं तिचें पहिलें तेल काढून टाकण्यास सांगतात. त्याचें मर्म समजून घ्यावयाचें, तर ही रूढि कशी उत्पन्न झाली हें प्रथम पाहिलें पाहिजे.

वंगणानें घर्षण कमी होतें हें सर्वांस ठाऊक होतें. पण तें कां कमी होतें याचा उलगडा एकोणिसावें शतक सरत आलें तरी झालेला नव्हता. इ. स. १८८३ च्या सुमारास लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेकरितां बीचम टॉवर हा संशोधक आगगाडीच्या आंसासारख्या एका आंसावर प्रयोग करीत होता. तेल सोडण्याकरितां त्यानें बेअरिंगच्या माथ्यावर एक भोंक पाडलें होतें. आंसाचा खालचा भाग तेलांत बुडवून तो फिरविला, तेव्हां त्या भोंकांतून तेल आंत जाण्याऐवजीं उलट बाहेर येऊं लागलें. टॉवरनें तेथें बूच ठोकलें, तर तेलानें तें बूचहि वर ढकलून दिलें! १८८६ मध्यें ऑस्बर्न रेनल्ड्स यानें या चमत्काराची गणितानें उपपत्ति लावली. फिरणारा आंस चिकट तेलाला आपल्याबरोबर ओढून निमुळत्या फटींत कोंबतो, तेथें दाब उत्पन्न होतो, आणि त्या दाबावर आंस अक्षरशः तरंगतो. म्हणजे वंगण नीट असेल तर धातु धातूला शिवतच नाहीं. दोहोंच्या मध्यें केसाहूनहि पातळ असा तेलाचा थर सारा भार वाहत असतो.

रेनल्ड्सच्या निबंधाच्या आदल्याच वर्षीं जर्मनींतील कान्श्टाट येथें गॉटलीब डाइम्लर व विल्हेल्म मायबाख यांनीं लाकडी सांगाड्यावर एंजिन बसवून पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी सिद्ध केली होती. आणि १८९४ पासून म्युनिकच्या हिल्डेब्रांट व वोल्फम्यूलर यांनीं विक्रीकरितां मोटारसायकली बनविण्यास आरंभ केला. मात्र त्यानंतर बरींच वर्षें मोटारसायकलींतील तेलाची व्यवस्था गाडीवानाच्या नळकांड्याहून फारशी पुढें गेली नाहीं. पेट्रोलच्या टाकीचाच एक कप्पा तेलाकरितां राखलेला असे व त्याला हातपंप जोडलेला असे. दर कांहीं मैलांनीं स्वारानें पंपाचा दांडा ओढून घोटभर तेल एंजिनांत सोडावें, चढ लागला तर लौकर सोडावें, उतारावर हात आंखडावा, अशी रीत होती. मागें वळून पाहतां निळसर धूर फार दिसला तर तेल अधिक झालें. मुळींच दिसला नाहीं तर तें कमी पडलें. तेल एकदां आंत गेलें कीं परत येत नसे. कांहीं जळून जाई, कांहीं सांध्यांतून ठिबकून रस्त्यावर पडे. जें टिकतच नाहीं तें बदलण्याचा प्रश्न येतो कोठें? यंत्राच्या प्रकृतीची जबाबदारी मात्र प्रत्येक मैलाला स्वाराच्या हातांत होती.

या काळांतील एक गोष्ट आपल्या घरच्या जिव्हाळ्याची आहे. ज्याच्या नुसत्या नांवानें घरोघरचीं मुलें माजघरांत दडून बसत, तें एरंडेल त्या वेळीं वेगवान् एंजिनांचें आवडतें वंगण होऊन बसलें होतें, कारण मोठ्या उष्णतेंतहि त्याचा थर सहसा तुटत नाहीं. चार्ल्स वेकफील्ड यानें १८९९ मध्यें स्थापन केलेल्या कंपनीनें १९०९ मध्यें आपल्या नव्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव दिलें, तें त्यांत मिसळलेल्या कॅस्टर ऑइलावरून, म्हणजे एरंडेलावरूनच. एरंडेलाचा दोष असा कीं, तें जुनें झालें म्हणजे चिकट राळेसारखें बसतें. म्हणून नित्याच्या वापरांत खनिज तेलांनीं त्याची जागा घेतली.

खरी क्रांति झाली ती तेल परत आणण्याच्या कल्पनेनें. एंजिनच्या फिरण्यावरच चालणारा पंप बसवावा, त्यानें तेल सर्व सांध्यांना पुरवावें, आणि खालीं जमलेलें तेल पुनः टाकींत आणून सोडावें, ही ती योजना होय. इंग्लंडांतील रॉयल एन्फील्डनें १९१३ च्या सुमारासच ती आपल्या एका गाडींत आणली होती. अमेरिकेंत हार्ले-डेव्हिडसननें आपल्या मोठ्या गाड्यांत ती १९३६-३७ मध्यें स्वीकारली. स्वाराचा हात मोकळा झाला आणि रस्तेहि स्वच्छ राहूं लागले. पण एक नवें ऋण उत्पन्न झालें. तेंच तेल हजारों वेळां फिरत असल्यामुळें ज्वलनाची काजळी, पाण्याचा अंश व झिजलेल्या धातूचे कण त्यांतच सांचूं लागले. वाहून जाणारें तेल घाणहि वाहून नेत असे. राहणारें तेल ती राखून ठेवतें. तेल बदलण्याची रूढि जन्मली ती येथें.

आपल्या देशांत या रूढीचा प्रसार विलक्षण वळणानें झाला. १९५५ मध्यें मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली व तेथें ‘बुलेट’ तयार होऊं लागली. तिच्या मालकांना तेल बदलणें माहीत होतें. परंतु त्यानंतर मध्यमवर्गाच्या दारांत जीं वाहनें आलीं त्यांपैकीं बहुतेक, म्हैसूरची जावा, राजदूत व १९७२ पासूनची बजाजची चेतक, द्विघाती एंजिनांचीं होतीं. त्यांना तेल पेट्रोलांतच मिसळून द्यावें लागे व तें जळून जाई; निराळें बदलावें लागे तें फक्त गिअरबॉक्सचें. म्हणजे हातपंपाच्या काळचीच व्यवस्था रूप पालटून पुनः आली. १९८५ मध्यें हीरो होंडाची चतुर्घाती सीडी-१०० निघाली, आणि २००० सालीं धुराविषयींचे नियम कडक झाल्यावर द्विघाती गाड्या मागें पडत गेल्या. पेट्रोलांत तेल मिसळण्याची संवय असलेल्या पिढीला तेलाकडे पाहण्याचें कारणच उरलें नाहीं. निळा धूर गेला आणि त्याबरोबर मिळणारी सूचनाहि गेली. कित्येक साध्या गाड्यांवर तेल कमी झाल्याचा इशारा देणारा दिवासुद्धां नसतो. तेल आटत जातें, एंजिन निमूटपणें चालत राहतें, आणि एके दिवशीं दट्ट्या सिलिंडरमध्यें अडकून बसतो.

आतां पहिल्या तेलाचें महत्त्व सहज ध्यानांत येईल. कारखान्यांत कितीहि कौशल्यानें घडविलेला धातूचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखालीं डोंगर-दऱ्यांसारखाच दिसतो. नव्या एंजिनांत हे डोंगर एकमेकांवर घासून सपाट होतात व त्यांचा चुरा तेलांत उतरतो. हें घडतें मुख्यतः पहिल्या कांहीं शें किलोमीटरांत. म्हणून पहिलें तेल पुढल्या तेलांहून पुष्कळ आधीं काढावयाचें.

कृति अवघड नाहीं. एंजिन दोन-चार मिनिटें चालवावें, म्हणजे तेल कोमट व पातळ होऊन गाळ सोबत घेऊन येतें. गाडी सपाट जागीं मधल्या स्टँडवर उभी करून खालीं पसरट भांडें ठेवावें, भरण्याच्या तोंडाचें झांकण सैल करावें आणि तळचा बोल्ट पान्यानें काढावा. बाहेर आलेलें तेल उन्हांत धरून पाहावें. अभ्रकासारखी बारीक चकाकी दिसली तर घाबरूं नये, पण बोटाला टोंचतील असे तुकडे लागले तर तज्ज्ञ मेस्त्रीला दाखवावें. गाळणीची जाळी असल्यास ती धुवावी, फिल्टर असल्यास बदलावा. बोल्टला नवा वायसर घालावा व तो बेतानेंच आवळावा, कारण अल्युमिनियमचे आटे जोर सहन करीत नाहींत. नवें तेल गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें व तितकेंच घालावें. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच एंजिनच्याच तेलांत बुडालेला असल्यामुळें मोटारीचें निसरडें तेल त्यांना मानवत नाहीं. याकरितांच जपानांत १९९८ मध्यें दुचाकींच्या तेलाचें निराळें मानक ठरविण्यांत आलें. शेवटीं एंजिन थोडें चालवून, थांबवून, पट्टीवरची खूण पाहावी. त्याच बैठकींत साखळीची ढिलाई, चाकांतील हवा, क्लचची तार व हवेची गाळणी हींहि पाहून घ्यावीं.

काढलेलें तेल गटारांत ओतूं नये. २०१६ च्या नियमांप्रमाणें वापरलेलें तेल हा घातक कचरा आहे. तें डब्यांत भरून, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जाईल अशा ठिकाणींच द्यावें.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यानें १९७४ सालच्या आपल्या मोटारसायकलीवरील प्रसिद्ध ग्रंथांत असा प्रवासी रंगविला आहे कीं, ज्याला गाडी हवी असते पण तिच्या अंतरंगाकडे पाहणें नको असतें. हें चित्र आपणांसहि लागू पडतें. खंडेनवमीला आपण गाडीला झेंडूचा हार घालतों, हळद-कुंकू वाहतों. पण तिच्या पोटांतील तेल काळें झालें कीं नाहीं हें मेस्त्रीवर सोंपवून मोकळे होतों. प्रत्येक सुधारणेनें स्वाराच्या हातून एकेक काळजी काढून घेतली, ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नाहीं; दर कांहीं मैलांनीं पंप ओढण्याची हौस आज कोणास असेल? परंतु महिन्यांतून दोनदां तेलाची पट्टी पुसून पाहणें, आणि निदान पहिल्या खेपेस तरी तेल आपल्या हातानें काढून त्यांत यंत्रानें काय टाकून दिलें आहे तें डोळ्यांनीं पाहणें, एवढें काम अद्याप मालकाकडे उरलें आहे. तेवढें त्यानें दुसऱ्यावर टाकूं नये.