मल्टीआर्क

एकाच लिनक्स प्रणालीत वेगवेगळ्या प्रक्रियकांसाठी (पहा : प्रक्रियक) संकलित केलेल्या लायब्ररी शेजारीशेजारी ठेवण्याची डेबियनची मार्गरचना. २००३ मध्ये आलेला ६४-बिट ऑप्टेरॉन प्रक्रियक जुने ३२-बिट प्रोग्रामही चालवत असल्याने एकाच नावाच्या दोन लायब्ररी एका यंत्रावर ठेवण्याची गरज पडली. रेड हॅट परंपरेने ६४-बिट लायब्ररींसाठी ‘लिब६४’ ही डिरेक्टरी राखली. मात्र एआरएमसारखे वेगळे कुटुंब त्याच यंत्रावर आले की ही सोय अपुरी पडते. डेबियनने ‘यूएसआर/लिब’खाली प्रत्येक प्रक्रियक-संरचनेच्या नावाची डिरेक्टरी केली, उदा., ‘एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’, ‘एआर्च६४-लिनक्स-जीएनयू’. डेबियन ७ (२०१३) ही या रचनेसह आलेली पहिली स्थिर आवृत्ती.

एक्स८६ यंत्रावर एआरएमसाठी बांधणी करताना (पहा : क्रॉस-कंपायलर) आधी ‘डीपीकेजी’ या डेबियनच्या पॅकेज-व्यवस्थापकाकडे दुसरी संरचना नोंदवून तिची पॅकेजे बसवतात. शोधमार्गात परक्या संरचनेची लायब्ररी आढळल्यास लिंकर (पहा : लिंकर) ती विसंगत म्हणून वगळतो व पुढचा मार्ग पाहतो; योग्य प्रत कोठेच न मिळाल्यास बांधणी थांबते. लायब्ररींचे मार्ग सांगणाऱ्या ‘पीकेजी-कॉन्फिग’ या साधनालाही लक्ष्य संरचनेचाच मार्ग द्यावा लागतो, आणि नेमके हेच बहुधा राहून जाते. दोन संरचनांसाठी एकत्र बसवलेल्या लायब्ररी-पॅकेजची आवृत्ती तंतोतंत एकच असावी लागते.