घाटाच्या पायऱ्या आणि यंत्राची स्मृती

काशीत दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे निघाले की शीतला घाटाला लागूनच अहिल्याबाई घाट लागतो. चोंडीत जन्मलेल्या आणि महेश्वराहून माळव्याचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० साली पुन्हा उभारले. हा घाटही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनीच बांधविला. त्याच्या उंच पायऱ्यांमागे श्रद्धेइतकेच नदीचे वर्तनही आहे. येथे उन्हाळ्यातील आणि महापुरातील गंगेच्या पातळीत दहा मीटरांहून अधिक अंतर पडते. पाणी किती पायऱ्या चढले, यावरून नावाडी आणि घाटावरचे रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या पुराचा अंदाज बांधत आले. मोजपट्टीवाचून केलेले ते मापनच होते.

लेखी नोंदींचा काळ पुढे आला. १८२० साली जेम्स प्रिन्सेप बनारसच्या टांकसाळीत धातुपरीक्षक म्हणून दाखल झाला. त्याने शहराचा नकाशा तयार केला आणि १८२४ ते १८२६ या वर्षांतील हवामानाच्या नोंदी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८२८ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यानंतर काही वर्षांतच रॉबर्ट एव्हरेस्ट या धर्मोपदेशकाने गाझीपूरजवळ गंगेच्या पाण्यातील गाळ मोजला. ते आकडे चार्ल्स लायेलने आपल्या भूविज्ञानाच्या ग्रंथात वापरले. नदी पर्वत झिजवून समुद्रात नेते, या विचाराला गंगेने असे संख्यात्मक बळ दिले.

स्वतंत्र भारतात शास्त्रीय पूरअंदाजाची सुरुवात १९५८ साली दिल्लीत यमुनेवर झाली. केंद्रीय जल आयोगाची पद्धत प्रारंभी साधी होती. वरच्या ठाण्यावरील पातळी आणि पाणी खाली पोहोचण्यास लागणारा वेळ यांचा संबंध आलेखावरून काढला जाई. पाऊस, जमिनीत मुरणे आणि प्रवाह यांची समीकरणे मांडणारी प्रतिमाने नंतर आली. वाराणसीसाठी इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोका पातळी ७१.२६२ मीटर ठरली आहे. सर्वोच्च पातळी ७३.९०१ मीटर ही सप्टेंबर १९७८ मधील होय.

यंत्र-शिक्षणाचा प्रवेश या परंपरेत अलीकडचा आहे. १९९७ साली होखरायटर आणि श्मिडहुबर यांनी दीर्घ-लघु स्मृतीचे चेताजाल मांडले. मागील माहितीतील काय जपावे आणि काय विसरावे, हे ते स्वतःच शिकते. नदीचे खोरेही तसेच वागते. जूनमध्ये मुरलेले पाणी ऑगस्टच्या पुरात आपला वाटा उचलते. २०१८ पासून फ्रेडेरिक क्रात्झर्ट आणि सहकाऱ्यांनी हे जाल पाऊस व प्रवाह यांच्या संबंधासाठी वापरले. अमेरिकेतील ५३१ पाणलोट क्षेत्रांवर एकत्रित शिकविलेले एकच जाल, प्रत्येक क्षेत्रासाठी वेगळ्या जुळविलेल्या पारंपरिक प्रतिमानांपेक्षा सरस ठरले. जालाला कोणीही भौतिकीचे समीकरण दिले नव्हते. तरी त्याच्या अंतर्गत स्मृतीत साठलेल्या हिमासारख्या राशींचे प्रतिबिंब दिसले.

२०१८ मध्येच गूगलने केंद्रीय जल आयोगाच्या सहकार्याने पाटण्यात पूर-इशाऱ्यांचा प्रयोग आरंभिला आणि पुढे तो देशभर विस्तारला. मार्च २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याच गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. जगभरातील ५,६८० मापनठाण्यांच्या नोंदींवर आधारलेल्या या जालाचे पाच दिवस आधीचे अंदाज, प्रचलित जागतिक प्रणालीच्या त्याच दिवशीच्या अंदाजांइतके किंवा त्यांहून विश्वासार्ह असल्याचे त्यात दाखविले आहे. मोजमाप नसलेल्या खोऱ्यांतही ही पद्धत चालते, हे त्याचे विशेष.

मात्र खरी अडचण येथेच आहे. इतर नद्यांकडून शिकलेले यंत्र गंगेबद्दल बोलते, तेव्हा त्याचे बोलणे पडताळण्यास गंगेच्याच दीर्घ नोंदी हव्यात. पूरकाळातील पातळी जाहीर होते. परंतु सीमापार वाहणाऱ्या गंगा, सिंधू व ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतील विसर्गाची माहिती वर्गीकृत असून संशोधकांना ती परवानगीनेच मिळते. शेजारी देशांशी पाणीवाटपाचा प्रश्न नाजूक असल्याने या धोरणामागे कारण आहे. त्याची किंमतही आहे. ज्या खोऱ्यात कोट्यवधी माणसे पुराच्या छायेत राहतात, तेथील यंत्राची परीक्षा मोजक्याच संशोधकांना घेता येते.

दुसरी मर्यादा तत्त्वाची आहे. शिकविताना न पाहिलेल्या टोकाच्या घटनेपुढे यंत्र अडखळू शकते. १९७८ सारखा पूर दुर्मीळ असतो आणि दुर्मिळाची उदाहरणे थोडीच असतात. म्हणून काही संशोधक चेताजालाच्या रचनेतच वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम गुंफतात, जेणेकरून आकडेमोडीत पाणी शून्यातून निर्माण होऊ नये. भौतिकी आणि आकडे यांची ही तडजोड नाही. दोघांनी परस्परांना दिलेला तो आधार आहे.

प्रिन्सेपची ओळख आज ब्राह्मी लिपीमुळे अधिक आहे. १८३७ साली सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, हे त्याने हेरले. पुनरावृत्ती तर दिसली. पण ते लेख दानाचे असावेत, हा तर्क केल्यावरच ‘दानं’ हा शब्द उलगडला. यंत्रालाही पुनरावृत्ती दिसते. तिचा अर्थ लावण्यासाठी नदी जाणणारा अभ्यासक आणि प्रामाणिकपणे जपलेली नोंद, दोन्ही लागतात.

मोठ्या पुरात दशाश्वमेधची आरती छतावर होते आणि मणिकर्णिकेवरील चितांनाही वरची जागा शोधावी लागते. तेथील माणसाला दोन दिवस आधी मिळालेला खरा इशारा म्हणजे सामान, नाव आणि प्राण वाचविण्याची संधी होय. पद्धत जुनी असो वा नवी, तिची कसोटी अखेर त्या पायऱ्यांवरच लागते.